अठरावी फेरी

बहारीनमध्ये हिवाळा आला हे आकाशाकडे बघून कळत नाही, एसी बंद झाल्यावर कळतं. सात-आठ महिने अखंड घरघरणारं ते यंत्र नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी कुणीतरी बंद करतं, खिडकी उघडतं, आणि घर एकदम गप्प होतं. लोकांना त्या शांततेत बरं वाटतं. मला बसवत नाही. सध्या जुफैरला मुलीच्या फ्लॅटवर आलोय. चौदावा मजला, समोर बिल्डिंगच बिल्डिंग, त्यांच्या फटीतून दिसणारा बोटभर समुद्र. परवा वारा फिरला. उत्तरेचा, कोरडा, कानांना गार लागणारा. प्रज्ञानं एसी बंद केला आणि माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या, हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून हॉलमध्ये.

"बाबा, प्लीज, जस्ट सिट ना," प्रज्ञा म्हणाली. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं.

"कायले फिरून राह्यले असे?" बायको म्हणाली. "पायाले भिंगरी लावली का कोणी?"

"काही नाही. वारा आला."

"वारा आला तं खिडकी लावा." सुमन अकोल्याची. तिच्यापाशी जगातल्या प्रत्येक दुखण्याला असा रोखठोक इलाज असतो.

खिडकी लावून भागलं असतं तर काय पाहिजे होतं! रिटायर होऊन अकोल्याला परत गेलो, तिथं असा वारा नाही, समुद्र नाही, तरी नोव्हेंबर लागला की माझं असंच होतं. पेपर हातात घेतो, एक पान वाचतो, ठेवतो. चहा सांगतो आणि पीत नाही. कानात फुटक्या सायलेन्सरच्या गाड्या गरगरत राहतात आणि डोळ्यांसमोर एक माणूस येतो, दापोलीचा याकूब परकार. त्याच्यासमोर, त्याच्याबद्दल, मी एकदा खोटं बोललो. एकच शब्द, तोही इंग्रजी. त्याला आता तीस वर्षं होत आली, आणि माझं बूड काही खुर्चीला टेकत नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य. कुवेतची लढाई संपून तीन-चार वर्षं झाली होती. रिफा गावाच्या पलीकडे, जिथं तेव्हा घरं संपायची आणि चुनखडीची पांढरी सपाटी सुरू व्हायची, तिथं आमचा ट्रॅक होता. ट्रॅक म्हणजे नाव मोठं! कुणा कंत्राटदारानं रस्त्याच्या भरावासाठी तिथला मुरूम खरवडून नेला होता आणि मागं परातीसारखा उथळ खड्डा सोडला होता. गॅरेजवाल्या अबू खालिदची नजर त्या खड्ड्यावर गेली. दोन-तीन इंग्रज इंजिनियर त्याचे मित्र होते. एका शुक्रवारी त्यांनी मधोमध खुंटी ठोकली, खुंटीला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक पिकअपला, आणि पिकअप गोल फिरवली. ट्रॅक आखून झाला. पूर्ण गोल करायचा होता, पण एका अंगाला तेलाची पाइपलाइन आडवी आली. तिला कोण हलवणार? म्हणून ते टोक चिमटलं. एका बाजूला मोठं ऐसपैस वळण, दुसऱ्या बाजूला अगदी अरुंद. त्या अरुंद वळणाला याकूबनं नाव ठेवलं होतं 'चिमटा', आणि आम्हा चार भारतीयांचं बघून अरबसुद्धा 'चिमता, चिमता' म्हणायला लागले होते.

धूळ ही तिथली मोठी अडचण. ती बसवायला गावभरच्या गॅरेजांतलं जळकं ऑइल यायचं. पिंपंच्या पिंपं. टँकरच्या मागे भोकं पाडलेला पाइप लावून ते काळं ऑइल गुरुवारी शिंपडायचे, वर खारं पाणी. शुक्रवारी दुपारी ऊन लागलं की त्याचा जो वास सुटायचा, जळका, गोडसर, घशात बसणारा, तो आजही पेट्रोल पंपावर कुठून तरी येतो आणि मी मागं वळून बघतो. माझे पांढरे शर्ट सुमन उकळत्या पाण्यात घालायची आणि म्हणायची, "हे रेस पाह्यले जाते का रेसमंधी लोळाले जाते?"

गाड्या म्हणजे भंगारातून वाचवलेल्या जुन्या जपानी मोटारी. काचा काढलेल्या, दारं वेल्डिंग करून कायमची बंद केलेली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. ड्रायव्हर खिडकीतून आत शिरायचा. नंबर घराच्या रंगानं, ब्रशनं लिहिलेले. बसायला फळ्यांचा मांडव, त्यावर थर्मास आणि सूर्यफुलाच्या बिया घेऊन आलेली बहारिनी कुटुंबं, उन्हानं लाल झालेले इंग्रज, नौदलाच्या बेसवरचे अमेरिकन, मल्याळी, फिलिपिनो, आणि आम्ही. जुम्म्याची नमाज झाली की दोनच्या सुमाराला पहिली रेस सुटायची. दिवे नव्हते. सूर्यास्ताची, मगरीबची बांग झाली की खलास, जी रेस चालू असेल ती तिथंच थांबायची. सीझन नोव्हेंबरात, एसी बंद झाले की सुरू व्हायचा. त्या वर्षांत रमजान ऐन हिवाळ्यात यायचा, त्यामुळे सीझनच्या पोटात महिनाभराची सुट्टी असायची आणि शेवटची रेस ईदनंतर, मार्चात. गरम वारे सुरू व्हायच्या जरा आधी.

माझा शुक्रवार दोन भागांत असायचा. सकाळी गुदैबियाला आमच्या एकाच्या फ्लॅटवर बुद्धवंदना. महाराष्ट्रातली पंधरा-वीस घरं, सगळी टेक्निकल नाही तर ऑफिस स्टाफ. त्रिशरण, पंचशील, मग पोहे. आणि दुपारी ट्रॅक. मला तिथं नेलं याकूबनं. तो अबू खालिदच्या गॅरेजात हेड मेकॅनिक. माझी खटारा गाडी त्याच्याकडे नेली होती, बॉनेट बोटावर पडलं आणि माझ्या तोंडून अकोल्याची अस्सल शिवी निघाली. गाडीखालून आवाज आला, "अरे, आपलाच माणूस दिसतोय!" मग एक डोकं बाहेर आलं, दाढीला ग्रीस लागलेलं.

"कुठला रे?"

"अकोला."

"अकोला? तिकडे तर पाणीच नाय म्हणतात. माणसं आंघोळ कशी करतात?"

"तुम्ही दापोलीवाले समुद्र असून करत नाही, तशी."

झालं. दोस्ती झाली. तो हसायला लागला की आधी खांदे हसायचे, आवाज मागून यायचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा होता, पण पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. बाकी सगळ्यांसाठी याकूबभाई, माझ्यासाठी याकूब.

ट्रॅकवर मला काम मिळालं ते फेऱ्या मोजायचं. आजच्यासारखं कॉम्प्युटरवर नव्हतं. एक जुनी पोर्टा केबिन होती, रेषेच्या बरोबर समोर. तिच्यात एक लांब टेबल, टेबलाशी आम्ही बारा-चौदा जण. प्रत्येकाकडे एक गाडी, एक कागद, एक पेन्सिल. बॉलपेन चालायचं नाही, त्याच्यात वाळू जायची. आपली गाडी रेषेवरून गेली की एक उभी काडी. चार काड्या झाल्या की पाचवी आडवी. बस्स, एवढंच. सोपं वाटतं ना? बसून बघा. एवढ्याशा गोलात चौदा गाड्या फिरायच्या, कोण तीन फेऱ्या मागं, कोण चार, सगळे एकमेकांत मिसळलेले, वर धूळ. कोण पहिला आहे हे डोळ्यांना कळायचंच नाही. ते फक्त कागदाला कळायचं. म्हणून कागद म्हणेल ते शेवटचं. त्यावर अपील नाही.

केबिनीच्या मुख्य मिसेस पार्सन्स. इंजिनियरची बायको, मायदेशी शाळेत गणित शिकवायच्या. हातात लाकडी पट्टी घेऊन आमच्या पाठीमागून फिरायच्या. "आइज ऑन द लाइन, जेंटलमेन!" नजर रेषेवर. गाडीवर नाही, वळणावर नाही, रेषेवर. चुन्याची पांढरी रेष, तिच्यावरून आपला नंबर गेला की काडी. कुणी मान वळवून चिमट्याकडे बघितलं की पट्टी टेबलावर आपटायची, चट्. गंमत अशी की तीन सीझन मी दर शुक्रवारी तिथं होतो आणि एकही रेस मी पाहिली नाही. लोक सोमवारी कंपनीत विचारायचे, "काय वानखडे, कशी झाली रेस?" मी काय सांगणार? मी रेष पाहिलेली.

पण मी चुकलो नाही कधी. प्लांटमध्येही तेच. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, दिवसभर मीटर वाचायचे, आकडा लिहायचा, खाली सही. आमचे फोरमन म्हणायचे, वानखडेचं रीडिंग आणि मीटर यांत फरक पडला तर मीटर तपासा. माझे वडील अंगठा लावायचे. माझ्या सहीवर अख्खी लाइन चालायची. याची मला घमेंड होती, होतीच, आता कशाला लपवू? मिसेस पार्सन्स मला 'माय बेस्ट पेअर ऑफ आइज' म्हणायच्या आणि मी घरी येऊन सुमनला ते दोनदा सांगायचो.

माझ्याकडे कायम नऊ नंबर. अबू खालिदची निळी गाडी. बनवायचा याकूब, चालवायचा अबू खालिद. तिथं रिवाजच तसा होता. मालक किंवा क्लबचा मेंबर असेल त्यानंच चालवायची, मेकॅनिकनं खाली उभं राहून चाकं बदलायची. याकूब आठ वर्षं खाली उभा होता. इंजिन त्यानं बसवलेलं, पिंजरा त्यानं जोडलेला. रेस सुटली की तारेच्या कुंपणाला बोटं अडकवून उभा राहायचा आणि गियर बदलायच्या जागी त्याचा उजवा हात आपोआप हलायचा. केबिनीच्या बाहेर एक लाकडी बोर्ड होता, सीझनची शेवटची रेस जिंकणाऱ्याचं नाव त्यावर रंगवायचे, अरबीत आणि इंग्रजीत. तो बोर्ड याकूब येता-जाता वाचायचा.

"वानखडे, आठ वर्षं झाली इथं. माझं नाव कुठं लिवलेलं हाय सांग. सरकारच्या सीपीआर ओळखकार्डावर. तेपण स्पेलिंग चुकवून."

"मग काय, बोर्डावर पाहिजे?"

"एकदा. खोटं कशाला बोलू? एकदा पाहिजे."

त्या सीझनला दोन गोष्टी झाल्या. एक, याकूबच्या म्हाताऱ्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि त्यानं कायमचं परत जायचं ठरवलं. ईद झाली की व्हिसा कॅन्सल, एक्झिट. दुसरी, रमजान सुरू व्हायच्या आधीच्या रेसला अबू खालिदची गाडी चिमट्यात आडवी झाली आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. सलमानियाला हॉस्पिटलात आम्ही भेटायला गेलो तर हात गळ्यात बांधलेला, तोंडात खजूर. आम्हाला बघून म्हणाला, "याकूब, सय्यारा खलास?" गाडी संपली का? याकूब म्हणाला, "मफी खलास, अरबाब." नाही संपली, मालक, होते दुरुस्त. अबू खालिदनं खजुराची बी बाजूला टाकली. मग म्हणाला, शेवटची रेस तूच चालव. क्लबशी मी बोलतो. इंशाल्ला.

बाहेर आल्यावर याकूब पार्किंगमध्ये गाडीपाशी गेला, दार उघडलं, बंद केलं. "वानखडे," म्हणाला, "तू मोजणार ना माझ्या फेऱ्या? दुसऱ्याकडे नको देऊ." मी म्हटलं, "माझ्याशिवाय आहे कोण?"

रमजानचा अख्खा महिना तो माणूस रोजे धरून, गॅरेज सांभाळून, दुपारी त्या गाडीत शिरायचा. फेऱ्या मोजण्यासाठी त्यानं स्वतःची युक्ती केली. डॅशबोर्डवर आडवी तार ताणली आणि तिच्यात पंचवीस वॉशर ओवले. रेस पंचवीस फेऱ्यांची. रेष ओलांडली की डाव्या बाजूचा एक वॉशर उजवीकडे. मी चिडवलं, "माझ्यावर भरवसा नाही का?" तो म्हणाला, "तुझ्यावर हाय. माझ्यावर नाय. जोशात कुठं आलो ते कळायला नको?"

आणि तो शुक्रवार. सकाळच्या वंदनेत माझं लक्ष नव्हतं. हवा अजून गार होती पण दुपारचं ऊन बोचायला लागलं होतं, सीझन संपत आल्याची ती खूण. याकूब पांढरा धुतलेला बॉयलर सूट घालून आला होता, इस्त्री करून! खिडकीतून गाडीत शिरताना अबू खालिदनं त्याच्या पाठीवर चांगल्या हातानं थाप मारली. "यल्ला!"

सतरा फेऱ्या मी मान खाली घालून मोजल्या. काडी, काडी, काडी, काडी, आडवी. आजूबाजूच्या कागदांवरून मला कळत होतं की नऊ नंबर पहिल्या दोघांत आहे. लाल गाडीवाला अमेरिकन आणि आपला याकूब. मग चिमट्याकडून धडाम् असा आवाज आला. लोक ओरडले. मागं पडलेल्या दोन गाड्या एकमेकींत अडकून वळणात आडव्या झाल्या होत्या. आणि मी मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा. बघतो तर लाल गाडीनं ब्रेक मारलाय, आणि याकूब थांबलाच नाही, बाहेरच्या अंगानं, पाइपलाइनच्या कठड्याला जवळजवळ घासत, धुळीच्या लोटातून निळं नाक बाहेर काढून सरळ आमच्या दिशेनं येतोय. मी उभा राहिलो. कधी राहिलो ते मलाही कळलं नाही. "ये! ये, लेका! ये!" असा ओरडत दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होतो. तो समोरून गेला, मी टाळ्याच वाजवतोय. मग पट्टी आपटली. मी बसलो. पेन्सिल खाली गेली होती, ती उचलली, आणि पुढची फेरी आली तेव्हा काडी मारली.

मी काडी मारली ती अठरावी. खरं तर ती एकोणिसावी होती.

हे त्या क्षणी कळलं का? नाही. शपथेवर सांगतो, नाही. ते कळलं शेवटी. लाल गाडीच्या कागदावर चोविसावी काडी पडली आणि मिसेस पार्सन्सनी झेंडेवाल्याला खूण केली, पुढच्या वेळी लाल गाडी आली की झेंडा. ट्रॅकवर याकूब तिच्या पुढं होता, दोन गाड्यांच्या अंतरानं. माझ्या कागदावर मात्र तो एक पूर्ण फेरी मागं. याकूब रेषेवरून गेला, एक हात खिडकीबाहेर काढलेला. त्याच्यापुढं झेंडा हललाच नाही. हलला मागच्या लाल गाडीवर. तेव्हा ती न मारलेली काडी मला एकदम कागदावर दिसली, जिथं असायला हवी होती तिथं.

पाच मिनिटांत याकूब केबिनीत आला. चेहऱ्यावर धूळ, फक्त डोळे आणि दात दिसत होते. हातात ती तार, डॅशबोर्डवरून उपटून आणलेली. पंचवीसच्या पंचवीस वॉशर एका बाजूला. "मॅडम, माय लॅप, ट्वेंटी फाइव्ह. सी." मग माझ्याकडे वळला. "वानखडे, कागद बघ रे जरा."

मिसेस पार्सन्सनी माझा कागद उचलला, चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "मिस्टर वानखडे. आर यू शुअर ऑफ युअर शीट?"

काय काय आलं मनात, एका श्वासात! आता म्हटलं की चुकलो, तर हे सगळे म्हणणार, आपल्या माणसासाठी खोटं बोलतोय. दोघे इंडियन, एका भाषेचे, दोस्त. खरं सांगितलं तरी ते खोटंच दिसणार. हे एक. पण दुसरंही होतं, आणि तेच खरं होतं. माझी सही चुकीची आहे, असं त्या बाईसमोर, त्या बारा माणसांसमोर म्हणायला माझी जीभ रेटली नाही. माझं नाव जाईल याची मला भीती वाटली. त्याचं नाव त्या वेळी मला आठवलंसुद्धा नाही.

"शुअर, मॅडम," मी म्हटलं.

याकूबनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग हातातल्या तारेकडे बघितलं आणि म्हणाला, "मग माझीच चूक. एखादा वॉशर दोनदा सरकवला असेल. वानखडेनं लिवलंय म्हणजे बरोबरच असणार." आणि तार खिशात कोंबून बाहेर गेला. मगरीबची बांग झाली. रिफाच्या बाजूनं एक, मग लांबून दुसरी. लोक फळ्यांवरून उतरायला लागले.

तीन आठवड्यांनी तो गेला. मी विमानतळावर गेलो नाही. शिफ्ट आहे असं सांगितलं. शिफ्ट नव्हती. घरीच होतो, या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. पुढच्या सीझनला मी मोजायला गेलो नाही. नंतर दोन-तीन वर्षांनी ट्रॅकही संपला. जमीन कुणाच्या तरी प्लॉटमध्ये गेली, पोर्टा केबिन उचलून नेली, बोर्डाचं काय झालं माहीत नाही. दर शुक्रवारी सकाळी वंदनेला मात्र जायचो. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही हे, की माझा आवाज बंद व्हायचा. बाकीचे एकसुरात म्हणत असायचे, कुणाच्या लक्षात यायचं नाही. एकदा सुमनच्या लक्षात आलं. तिला घरी येऊन सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "मंग सांगून टाका ना त्याले एकदाचं." जसं काही फोन शेजारीच आहे! पत्ता होता माझ्याकडे. पत्र चार वेळा लिहिलं. चारही वेळा पहिल्या ओळीत हवापाणी विचारलं, दुसऱ्या ओळीशी थांबलो.

परवा वारा फिरला तेव्हा प्रज्ञाला म्हटलं, मला रिफाला ने. गेलो. ट्रॅकच्या जागी व्हिला आहेत, पांढऱ्या भिंती, गेटवर बोगनवेल. पाइपलाइन अजून तिथंच आहे, त्यावरून जागा ओळखली. प्रज्ञानं गाडी थांबवली. "बाबा, व्हॉट आर वी लुकिंग फॉर?" मी खाली उतरलो आणि चिमटा जिथं असायचा तिथं रस्त्याच्या कडेनं उगाचच चालत राहिलो. एका घरातली मोलकरीण आमच्याकडे संशयानं बघायला लागली तेव्हा निघालो.

तिथून मनामाच्या बाजारात गेलो, सुमनला चादरी घ्यायच्या होत्या. काउंटरवरचा माणूस चादरी उलगडता उलगडता आमचं बोलणं ऐकत होता. मराठीतून म्हणाला, "मामी, ही नका घेऊ, रंग जातो." दापोलीकडचा निघाला. माझ्या तोंडून आपोआप प्रश्न गेला, याकूब परकार माहीत आहे का, इथं गॅरेजात होता. "याकूबचाचा? आमच्या मोहल्ल्यातले! हायत ना, ठणठणीत हायत." त्यानं नंबर लिहून दिला. मी तो घेतला, आणि काल दिवसभर फोन हातात घेऊन ठेवत राहिलो. आज सकाळी सुमन समोर येऊन बसली. फोन माझ्याकडे सरकवला. तिच्यासमोर मला नंबर लावावाच लागला.

बाईनं फोन घेतला. मी नाव सांगितलं. मग खोकल्याचा आवाज, आणि मग तो.

"वानखडे? अकोल्याचा? अजून हायस तू?"

"आहे."

"मला वाटलं गेला असशील. एवढी वर्षं कोण गप्प बसतो, मेल्याशिवाय?"

मी हवापाणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा दुसऱ्या ओळीशी थांबलो असतो. म्हटलं, "याकूब, त्या रेसमध्ये तुझी एक फेरी मी लिहिलीच नाही. अठरावी. मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. मॅडमनी विचारलं तेव्हा मला कळलेलं होतं. तरी खोटं बोललो."

पलीकडं पंख्याचा आवाज येत होता.

"माहीत हाय," तो म्हणाला.

"काय?"

"माहीत हाय रे. चिमट्यातून बाहेर आलो, तर खिडकीत सगळी माणसं मान खाली घालून बसलेली आणि एकटा एक येडा उभा राहून नाचतोय. तेव्हाच बोललो, गेली माझी फेरी."

"मग तिथं का नाही बोललास?"

"काय बोलू? तुझी सही खोटी हाय, असं त्या बाईला सांगू? मी तर चाललो होतो. तुला तिथं राहायचं होतं." तो खोकला. "पण राग आला होता. वाटलं विमानतळावर येशील, तिथं तरी बोलशील. सिक्युरिटीच्या दारापर्यंत मागं बघत होतो. नाय आलास. तो राग अजून हाय, सांगून ठेवतो."

"माफ कर मला."

"माफीचं मागाहून बघू. आधी एक काम कर. मी घरात इतकी वर्षं सांगतोय, बहारीनला रेस जिंकलो होतो. कोण मानत नाय. बायको म्हणते, बोर्डावर अमेरिकन माणसाचं नाव, मग तुम्ही कसले जिंकता? सून तोंड फिरवून हसते. थांब, फोन मोठ्यानं करतो." मग तो आतल्या बाजूला ओरडला, "अरे, या इकडे सगळी! मोजणारा माणूस आलाय फोनवर!"

चपलांचे आवाज, भांडं ठेवल्याचा आवाज, एक लहान मूल काहीतरी विचारत होतं. "बोल," याकूब म्हणाला.

मी उठून उभा राहिलो. केबिनीत निकाल वाचायचे तशा आवाजात म्हटलं, "कार नंबर नाइन. ड्रायव्हर, याकूब परकार. लॅप्स, ट्वेंटी फाइव्ह. फर्स्ट."

"मराठीतून सांग. हिला इंग्लिश समजत नाय."

"गाडी नंबर नऊ. चालवणारा याकूब परकार. पंचवीस फेऱ्या पूर्ण. पहिला नंबर. मी स्वतः मोजल्यात." माझा आवाज इतका चढला होता की प्रज्ञा स्वयंपाकघरातून ओट्यावरचं तसंच टाकून बाहेर आली.

"अजून एकदा सांग," याकूब म्हणाला.

मी अजून एकदा सांगितलं. या वेळी पलीकडून नुसतं त्याचं नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि मग त्याची बायको म्हणाली, "अहो, जिंकलात ना, मग रडताय कशाला?"